वाड्याचं संग्रहालय करायचंय? आधी पाणी, मग कागद, मग वस्तू

प्रश्न थोडक्यात असा: वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात पणजोबांचा मालगुजारी वाडा (सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराचा) आहे. पुढचा चौक शाबूत आहे, मागचा कोठा (गुरांचा गोठा) अर्धा पडलाय. काही वर्षांपूर्वी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. आता खालून पोपडे निघतात आणि एक भिंत फुगली आहे. आम्ही चुलत भावंडं मिळून २० लाख रुपये काढतोय. छोटं संग्रहालय करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. सुरुवात कुठून करावी? ट्रस्ट करावा का? काय मांडावं? एसी बसवावा का?

उत्तर:

तुमच्या यादीत एक प्रश्न नाही आणि मी त्याच्यापासूनच सुरुवात करतो. दार रोज कोण उघडणार? तुम्ही भावंडं पुण्या-नागपूरला असाल तर हे आधी ठरवा. आपल्याकडचे बहुतेक वाडे कुलूप लागल्यावर पाच-सात पावसाळ्यांत बसतात. माणूस राहत असला की सरकलेला कवेलू (छपराचं कौल) त्याच संध्याकाळी दिसतो, कोणीतरी शिडी लावतं. कुलूपबंद घरात तोच कवेलू मृगात सरकतो, दिवाळीपर्यंत खालचा वासा कुजतो, पुढच्या वर्षी तुळईचं भिंतीतलं टोक जातं. शिवाय चुलीचा धूर गेला की लाकडातली कीड मोकाट सुटते. म्हणून उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी गावातलं एक माणूस पगारावर ठरवा.

त्या पगाराचा हिशेब आत्ताच करून टाकू. २० लाखांतले ८ लाख हात न लावता ठेवीत टाका. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ५२,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ४,३०० येतात. एवढ्यात पूर्ण वेळचा माणूस मिळत नाही. सकाळी तासभर दार-खिडक्या उघडून झाडझूड करणारी, आठवड्यातून दोन दिवस पाहुण्यांसाठी बसणारी एखादी बाई किंवा निवृत्त माणूस मिळू शकतो. म्हणजे तुमचं संग्रहालय आठवड्यातून दोनच दिवस उघडं राहील, आणि त्यात कमीपणा काही नाही. एक दिवस गावच्या बाजाराचा धरा, एक रविवार. उरलेल्या १२ लाखांतले निदान ९ छप्पर, भिंती आणि पाण्याच्या निचऱ्यावर जाऊ द्या. मांडणीला ३ लाख राहतात, ते पुरतात. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत हे प्रमाण उलटं असतं: काचेची कपाटं आणि स्पॉटलाइट आधी येतात, आणि पहिल्याच पावसात त्या कपाटांवर ताडपत्री टाकायची वेळ येते.

आता पाणी. वाड्यात जाल तेव्हा आत शिरण्याआधी पाच मिनिटं रस्त्यावर उभे राहा. आपल्या गावांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रस्त्यावर रस्ता चढत गेलाय. आधी मुरूम, मग खडी, मग सिमेंट काँक्रीट, मग त्याच्यावर आणखी एक थर. जुन्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, त्यातली आता एक दिसते. काही घरांत तर उंबरठाच रस्त्याच्या खाली गेलाय. बांधणाऱ्यांनी जागा नीट निवडली होती: गाव पांढरीवर (पांढऱ्या मातीवर), शेती काळीवर (काळ्या मातीवर), आणि पांढरी उंच असल्यामुळे पाणी आपोआप बाहेर जायचं. आता तेच पाणी रस्त्यावरून तुमच्या जोत्याकडे येतं. ग्रामपंचायतीला अर्ज देऊन नाली तुमच्या भिंतीपासून लांब, उतार बाहेरच्या बाजूला, अशी करून घ्या. तेवढं झाल्याशिवाय भिंतीच्या दुरुस्तीला हात लावणं म्हणजे पैसे नालीत टाकणं.

फुगलेल्या भिंतीचं कारण मला तुमच्या प्रश्नातच दिसतंय. जोत्यापर्यंत काळा दगड, वर दोन-अडीच फूट जाडीची मातीची भिंत, अशी रचना असणार. मातीची भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते आणि हवेला देऊन टाकते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो. सिमेंट करू देत नाही. ओल आत कोंडते, आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचतात, लोणा धरतो आणि आतली माती भुसभुशीत होते. बाहेरून मात्र चार वर्षं सगळं गुळगुळीत दिसतं. बोटाच्या पेरानं ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथे गिलावा सुटलाय असं समजा.

काम उन्हाळ्याच्या आधी, माघ-फाल्गुनात काढा. फुगलेल्या भिंतीला आधी टेकू द्या, वरच्या तुळईचा भार खांबांवर घ्या, मग गिलाव्याला हात. उलटं केलंत तर त्या सिमेंटच्या पापुद्र्यानंच धरून ठेवलेली माती कामगाराच्या अंगावर येईल. बाकीच्या भिंतींचा जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतचा सिमेंट गिलावा आतून-बाहेरून काढा आणि लगेच काही लावू नका. आपला उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या. भिंत वैशाखभर उघडी वाळू द्या.

नवा गिलावा पांढऱ्या मातीचा. माती चाळायची, त्यात गव्हाचं कुटार (भुसा) आणि शेण कालवायचं, खड्ड्यात पाणी घालून आठ-दहा दिवस कुजू द्यायचं आणि अधूनमधून पायानं तुडवायचं. तयार झालं की त्याला उग्र वास येतो. वास आला नाही तर मिस्त्रीनं कितीही घाई केली तरी लावू देऊ नका. कुजण्यातूनच चिकटपणा येतो, नाहीतर वाळल्यावर भेगा पडतात. बाहेरच्या बाजूला, जिथे पावसाचा मारा आहे तिथे, वरून चुन्याचा हात द्या. रंग चुन्याचाच. प्लास्टिक पेंट लावाल तर सिमेंट काढून काही मिळवलं नाही.

भिंतीला उभ्या भेगा असतील तर लगेच लिंपू नका. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चुन्यानं बसवा आणि बाजूला तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. मागचा कोठा गावठाणाच्या कडेला, काळ्या जमिनीवर वाढवलेला असेल, तर भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसात मिटते. ती जमिनीच्या फुगण्या-आकसण्याची भेग. तिथे जोत्याभोवतीची ओल वर्षभर सारखी राहील एवढंच पाहायचं: झाडं लांब, नाली लांब, छपराचं पाणी लांब. पडलेला अर्धा कोठा पुन्हा बांधायच्या फंदात पडू नका. उरलेल्या भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा उतरता थर द्या, पिंपळाची रोपं वेळेवर काढा आणि तो तसाच राहू द्या.

छपराबाबत मी तडजोडीचा माणूस आहे. गावठी कवेलू घडवणारा कुंभार मिळणं कठीण झालंय आणि वानरांचा कळप एका दुपारी अर्धं छप्पर उधळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या चौकावर कवेलूच ठेवा, पडक्या कोठ्याचे चांगले कवेलू त्यासाठी साठवा, आणि दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायची मजुरी अंदाजपत्रकात पक्की धरा. मागच्या बाजूला, पाहुण्यांना दिसत नाही तिथे, टिन टाकलं तर मी तुम्हाला बोल लावणार नाही. गळकं अस्सल छप्पर आणि कोरडं टिन यांत मी टिन निवडतो.

लाकूड सागवानी असेल. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा जात नाही, पण बाहेरचा पांढुरका भाग आणि आंबा-मोहाचे वासे ती सोडत नाही. प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरणारं टोक दाभणानं टोचून पाहा. दाभण सहज रुतला तर टोक गेलंय. खांबांवर कोणी ऑइल पेंट चढवला असेल तर तो सावकाश खरवडा, ब्लो टॉर्च लावू देऊ नका. नंतर जवसाचं तेल. आपल्याच मुलुखातलं पीक, आणि लाकडाला त्याच्यासारखं दुसरं काही मी वापरलेलं नाही. तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पातळ हात, दोन दिवस थांबून दुसरा. एक गोष्ट मात्र मजुरांना दोनदा सांगा: तेलात भिजलेल्या चिंध्या ढीग करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्यांच्या ढिगात ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. आपल्या मे महिन्यात तर बघायलाच नको. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.

त्याच हिशेबात जुनी वायरिंग. लाकडी पाटईवर (माळ्याच्या फळ्यांवर) खिळे मारून नेलेली जुनी वायर पूर्ण काढून टाका, नवी नळीतून न्या, आणि मुख्य बोर्डावर गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. पुराणा वाडा जळाला तर बहुतेक वेळा त्याचं मूळ तिथेच सापडतं.

आता कागद. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो; ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. त्यावर बहुधा अजून पणजोबांचं किंवा आजोबांचं नाव असेल. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा आणि तिच्यावरच्या हद्दी स्वतः चालून तपासा, विशेषतः पडक्या कोठ्याच्या बाजूच्या. मग वारस. तुम्ही “आम्ही चुलत भावंडं” लिहिलंय; आत्या आणि त्यांची मुलं त्यात आहेत का? हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यांच्या सह्या नसतील तर दहा वर्षांनी सगळं झालेलं काम एका दाव्यात अडकेल. आणि सह्या घेण्यापुरतं त्यांना बोलावू नका. वाड्याच्या माजघरात काय चालायचं हे आत्यांनाच ठाऊक असतं.

ट्रस्ट करा, पण वाडा लगेच त्याच्या नावावर करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदलेल्या ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ही अट चांगल्यासाठीच आहे, पण तुमच्या पुढच्या पिढीला दार परत उघडता येणार नाही हे समजून सही करा. मी साधारणपणे असं सुचवतो: वस्तू आणि कागदपत्रं ट्रस्टला द्या, वाडा कुटुंबाकडेच ठेवून ट्रस्टला नोंदणीकृत लांब मुदतीचा भाडेपट्टा करा. पाच-सात वर्षं गाडं चाललं तर मालकीचा विचार करा. ट्रस्टवर गावातली निदान दोन माणसं घ्या, त्यातली एक शाळेतली. नोंदणीकृत संस्था असली की केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदानासाठी अर्ज करता येतो. मात्र त्या पैशावर पगार अवलंबून ठेवू नका.

मालगुजारी वाडा म्हणजे बैठकीच्या भिंतीवर सांबराची शिंगं आणि कदाचित वाघाचं कातडंही असणार. इथे जपून. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यासाठी मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि वारशानं आलं तरी नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावं लागतं. जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंगही यातून सुटत नाही. आजोबांच्या कागदांत प्रमाणपत्र आहे का ते शोधा. नसेल तर मांडणं सोडाच, फोटोही कुठे टाकू नका, आणि आधी वकिलाला गाठा. प्रमाणपत्र आहे पण ठेवायचं नाही, तर २०२२च्या दुरुस्तीनं ते वनविभागाच्या स्वाधीन करता येतं. मोबदला मिळत नाही. तलवार, भाला, भरमार बंदूक टांगण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी विचारा. शस्त्र कायदा निकामी, पुराण्या शस्त्रांना सूट देतो, पण शस्त्र निकामी आहे हे ठरवणारे आपण नव्हे. आणि देवघरातल्या मूर्ती: शंभर वर्षांहून जुन्या असतील तर त्या पुरावशेष ठरतात, दगडा-धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते, आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भावाला “आठवण म्हणून” बाळकृष्ण बॅगेत घालून देण्याचा बेत असेल तर तो आत्ताच मोडा.

वस्तू कोणत्या ठेवायच्या हे शेवटी, नोंद मात्र आधी. शंभर पानी जाड वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, ती वाड्यात कुठे सापडली, कोणी दिली, काय अवस्था आहे, आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो. “कुठे सापडली” हा रकाना लोक गाळतात. घंगाळ न्हाणीत होतं की कोठीत धान्य मोजायला वापरत होते, यावर त्याची सगळी गोष्ट ठरते, आणि एकदा ते उचलून बैठकीत ठेवलं की कोणालाच आठवत नाही. क्रमांक कापडी पट्टीवर लिहून दोऱ्यानं बांधा, चिकटपट्टी नको. तांब्या-पितळेची भांडी दर महिन्याला चिंचेनं घासू नका. प्रत्येक घासणीत धातू जातो आणि कोरलेली नावं बुजतात. कोरडं मऊ कापड पुरे.

बह्या (हिशेबाच्या वह्या) सापडतील. लाल कापडात बांधलेल्या, मोडीत लिहिलेल्या, बहुधा कोठीच्या माळ्यावर. त्यांना उन्हात वाळवायला टाकू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सावलीत मोकळ्या करा, मऊ ब्रशनं धूळ झाडा, मोबाइलवर पानन्‌पान टिपा, आणि सुती कापडात परत बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवा, भिंतीपासून दूर. मोडी वाचणारे राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे आणि नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाकडे विचारल्यावर मिळतील. बैठकीतल्या झुंबरापेक्षा मला त्या बह्यांत जास्त रस आहे. त्यांत कापूस कोणत्या भावानं गेला, कोणाला बियाणं उधार दिलं, पाडव्याला ठेवलेल्या सालगड्याला सालाची किती ज्वारी ठरली, हे सापडण्याची शक्यता आहे. वाडा कोणत्या पैशातून उभा राहिला हेही कदाचित तिथेच कळेल. अमेरिकेतल्या यादवीच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, आपल्या कापसाला भाव आला आणि १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली. घरात “भोसल्यांच्या काळातला वाडा” असं सांगत असतील, तर तो त्यानंतरच्या कापसाच्या पैशाचा आहे का, हे बहीला विचारा. घरातल्या दंतकथेला बहीचा आधार नसेल तर फलकावर “असं सांगतात” एवढंच लिहा.

मांडणी तीन खोल्यांची करा. बैठक, माजघर, कोठी. बाकीचं घर रिकामं राहू द्या. रिकाम्या चौकात शाळेची पोरं बसतील. सेवाग्रामची बापूकुटी तुमच्यापासून लांब नाही, पुन्हा एकदा त्या नजरेनं बघून या: माती-बांबूची जागा, वस्तू मोजक्या, आणि जागा स्वतःच बोलते. वर्ध्यातलं मगन संग्रहालय, १९३८चं, तेही पाहा. चरखा आणि घाणी तिथे राजाच्या तलवारीइतक्याच मानानं ठेवलेल्या आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या नऊवारी नेसलेल्या बाया कृपा करून बसवू नका.

फलकांवर एक गोष्ट सरळ लिहा. वर्धा नदीच्या अलीकडे मध्य प्रांत, म्हणून मालगुजारी. पलीकडे वऱ्हाडात रयतवारी आणि देशमुख-पाटलांचे वाडे. मालगुजार सरकारसाठी सारा गोळा करत आणि स्वतः हिस्सा ठेवत. ही पद्धत ३१ मार्च १९५१ला संपली. गावातल्या पुष्कळ घरांसाठी तुमचा वाडा म्हणजे कर्ज, वेठ आणि मागच्या दारानं आत यायची आठवण आहे. चौकातल्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत होतं आणि कोण नाही, हे जुन्या माणसांना अजून पाठ आहे. ते लपवाल तर अर्धं गाव तुमच्या संग्रहालयात पाय ठेवणार नाही, आणि बरोबरच करेल. सालगड्यांच्या, बलुतेदारांच्या, वाड्यात दळण-कांडण केलेल्या बायांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं त्यांच्याच वऱ्हाडीत रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. हे काम छपराच्याही आधी सुरू करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकत नाही.

एसी नको. मे महिन्यात आपली हवा कडकडीत कोरडी, ऑगस्टमध्ये ओलीचिंब. लाकडाला हा बदल वर्षातून एकदा, हळूहळू सोसायची सवय आहे. पाहुणे आले की एसी लावायचा, गेले की बंद, यानं तोच बदल दिवसातून दोनदा होतो आणि लोडशेडिंग झालं की तिसऱ्यांदा. लुगडी, पगड्या, जुने फोटो यांना थंडाव्यापेक्षा अंधार हवा. खिडकीला खादीचा जाड पडदा लावा, फोटोंच्या प्रती मांडा, मूळ पेटीत ठेवा, आणि कपडे दर चार महिन्यांनी बदलून मांडा.

तिकीट ठेवायचं तर गावकऱ्यांना आणि शाळांना फुकट, बाकीच्यांना २० रुपये. शौचालय आणि प्यायचं पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवं. मुलींच्या शाळेची सहल त्याच्याशिवाय दुसऱ्यांदा येत नाही.

पुढचं विचारायचं असेल तर फुगलेल्या भिंतीचा बाजूनं घेतलेला फोटो, तिच्यावरच्या तुळईच्या टोकाचा फोटो, आणि रस्त्यापासून उंबरठ्याची उंची इंचांत मोजून पाठवा. टेकू कुठे द्यायचे ते त्यावरून सांगता येईल. तोवर त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधा आणि कोठ्यात गुरं बांधत असाल तर ती आजच हलवा.